प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाची पुनर्बांधणी

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे या मोटारीचे झिजलेले इंजिन पूर्ण खोलून, त्याच्या भागांची मापे घेऊन, लागेल तेथे यंत्रकाम करून किंवा भाग बदलून ते पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया होय. मिस्त्रींच्या बोलीत तिला ‘इंजिन काम’ किंवा ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. फक्त वरचे हेड उतरवून केलेल्या दुरुस्तीस ‘हेडचे काम’ म्हणतात आणि ते यापासून वेगळे धरले जाते. पद्मिनीचे इंजिन रचनेने साधे असल्याने अनेक हौशी मालक हे काम घरी करतात. मात्र सिलिंडर बोअर करणे आणि क्रँकशाफ्ट घासणे ही कामे घरी होत नाहीत. ती यंत्रशाळेतच करावी लागतात. घरच्या कामाचे यश हत्यारांवर जेवढे अवलंबून असते त्याहून अधिक अचूक मापांवर आणि स्वच्छतेवर अवलंबून असते. मुंबई महानगर प्रदेशात, विशेषतः वसई-विरारसारख्या किनारी भागात, दमट आणि खारी हवा ही या कामातील आणखी एक अडचण ठरते.

इंजिनाचा इतिहास

पद्मिनीच्या इंजिनाचे मूळ १९३७ साली इटलीत आलेल्या फियाट ५०८ सी या मोटारीत आहे. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या या मोटारीत ६८ मि.मी. व्यासाचे आणि ७५ मि.मी. स्ट्रोकचे, १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन होते. पुढे १९५३ मध्ये आलेल्या फियाट ११००/१०३ या मोटारीत त्याच मापाचे इंजिन सुधारून वापरण्यात आले. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० ची जुळणी सुरू केली. १९६० च्या दशकात ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फियाटचे नाव गळून मोटार ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून तिला चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती ‘फियाट’च राहिली.

२००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर मात्र ही मोटार काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने आणखी दोन दशके धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव परिवहन कार्यालयात झाली होती. मुंबईतील टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाद झाल्या. त्यांच्याबरोबर या इंजिनाचे नेहमीचे गिऱ्हाईकही गेले. हजारो टॅक्सींमुळे सुटे भाग स्वस्त होते आणि हे इंजिन डोळे मिटून बांधणारे मिस्त्री प्रत्येक नाक्यावर मिळत. आता हे ज्ञान वयस्क मिस्त्रींकडे आणि काही हौशी मालकांकडे उरले आहे.

रचना

इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांवर फिरतो. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असून तो साखळीने चालतो आणि टॅपेट, पुश रॉड व रॉकर यांच्यामार्फत आठ व्हॉल्व्ह उघडतो. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही यांत्रिक असल्याने कोणत्याही संगणकीय उपकरणाविना दोष शोधता येतो. नवशिक्याला हे इंजिन सोयीचे वाटते ते यामुळेच. १९९० च्या दशकात डिझेल इंजिनाची पद्मिनीही निघाली होती. तिचे इंजिन पूर्णतः वेगळे असल्याने तिचा विचार या लेखात केलेला नाही.

लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड या जोडणीचा एक दोष मात्र लक्षात ठेवावा लागतो. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. इंजिन एकदा जरी अति तापले तरी हेड वाकण्याचा आणि गॅसकेट जळण्याचा संभव असतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरवेलचे खारट पाणी वापरल्यास हेडमधील पाण्याच्या वाटा आतून कुरतडल्या जातात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात अनेक ठिकाणी भूजल मचूळ असल्याने तेथील जुन्या मोटारींची हेड या दृष्टीने नीट तपासणे आवश्यक असते.

पुनर्बांधणीची गरज कशी ओळखावी

इंजिन जुने आहे एवढ्या कारणासाठी ते खोलू नये. धूर, आवाज, तेलाचा दाब आणि कॉम्प्रेशन या चार गोष्टींवरून निदान होते. वेग वाढवताना निळा धूर येत राहिला तर रिंगा व सिलिंडर झिजल्याची शक्यता असते. रात्रभर उभी मोटार सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर दोष बहुधा व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांच्या सीलमध्ये असतो. इंजिनाच्या तळातून येणारा खोल ठोका आणि गरम इंजिनात तेलाचा घसरलेला दाब ही बेअरिंग झिजल्याची खूण आहे.

कॉम्प्रेशन मोजण्यासाठी इंजिन गरम करून चारही प्लग काढतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवत प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपतात. ज्या सिलिंडरचा दाब कमी भरला त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर गळती रिंगांतून होते; वाढला नाही तर ती व्हॉल्व्हमधून किंवा गॅसकेटमधून होते. दुसऱ्या प्रकारात केवळ हेडचे काम पुरते. या एका चाचणीने अनेकदा निम्म्याहून अधिक खर्च वाचतो, तरी ती टाळून थेट इंजिन उतरवण्याची घाई सर्रास केली जाते.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटारीचा प्रकार वेगळा आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार या भागांत अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल वाहतूक बंद पडली. अशा पाण्यात राहिलेले इंजिन सुरू करून पाहणे घातक ठरते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे आधी प्लग काढावेत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन काही दिवसांतच आतून गंजू लागते, त्यामुळे ते खोलणेच श्रेयस्कर असते.

जागा आणि हंगाम

या कामाला तळमजल्यावरची, छप्पर असलेली, पक्क्या जमिनीची जागा लागते आणि ती काही आठवडे अडून राहते. वसईच्या पश्चिमेकडील गावांत अंगण-पडवीची घरे असल्याने हे शक्य होते. विरार-नालासोपाऱ्यातील गृहसंकुलांच्या वाहनतळात मात्र शेजाऱ्यांची संमती आणि सोसायटीची परवानगी हाच पहिला टप्पा असतो.

हंगामाचे महत्त्व त्याहून मोठे आहे. बोअर करून आणलेल्या सिलिंडरची भिंत उघडे, ताजे लोखंड असते. पावसाळी किनारी हवेत अशा पृष्ठभागावर काही तासांत तांबूस गंज धरू लागतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या काळात करणे उत्तम. पावसाळ्यात करणे भागच असेल तर यंत्रकाम झालेला प्रत्येक भाग त्याच दिवशी तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा लागतो.

इंजिन उतरवण्यासाठी चेन पुली आणि भक्कम तिकाटणे किंवा लोखंडी चौकट लागते. आंब्याच्या फांदीला चेन पुली बांधण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती कितीही सोयीची वाटली तरी फांदीची ताकद कोणालाच ठाऊक नसते आणि खाली माणूस उभा असतो. पान्यांच्या नेहमीच्या संचाखेरीज टॉर्क पाना, फिलर गेज, रिंग दाबण्याचा पट्टा आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचा क्लॅम्प ही चार हत्यारे अनिवार्य आहेत. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत न घेता यंत्रशाळेकडून मापे करून घेता येतात, पण त्या मापांचा कागद मालकाच्या हाती असला पाहिजे.

खोलणे

बॅटरी सोडवणे, पाणी व तेल काढणे, पेट्रोलची नळी बंद करणे आणि मग वायरी व जोडण्या सोडवणे हा क्रम ठरलेला आहे. सोडवण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. तीन महिन्यांनी जुळणी करताना स्मरणशक्ती उपयोगी पडत नाही.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे ढिले करतात. गरम हेड उतरवल्यास ते वाकते. पुश रॉड, टॅपेट आणि व्हॉल्व्ह ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोके पाडून खोवून ठेवतात. टॅपेट आणि कॅमचा उंचवटा एकमेकांवर घासून जुळलेले असतात. त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही लवकर झिजतात.

चेंबर, म्हणजे तेलाचे तळपात्र, उघडल्यावर तळाशी बसलेला गाळ धुऊन टाकण्यापूर्वी पाहावा. त्यात चमकणारी भुकटी किंवा पातळ पापुद्रे आढळले तर बेअरिंगचा धातू सुटला आहे असे समजावे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्र बोअर केलेली असते, म्हणून तिची जोडी आणि दिशा कधीही बदलू नये. खुणा दिसत नसतील तर सोडवण्याआधीच सिलिंडरच्या क्रमांकाप्रमाणे ठोकून घ्याव्यात. मेन बेअरिंगच्या तिन्ही टोप्यांनाही हेच लागू होते.

मापे आणि यंत्रकाम

या टप्प्यावर चूक झाल्यास ती पुढे दुरुस्त करता येत नाही. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथे थांबते तेथे झीज सर्वाधिक असते. त्याच्याही वर न झिजलेली कडा नखाला जाणवते. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या दिशेने, म्हणजे क्रँकशाफ्टच्या अक्षाला काटकोनात, झीज अधिक होऊन भोक लंबवर्तुळाकार होते. यासाठी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर दोन दिशांनी मोजतात. चार सिलिंडरची मिळून २४ मापे होतात. झीज एक दशांश मिलिमीटरच्या आसपास पोहोचली असेल तर केवळ नव्या रिंगा घालून उपयोग होत नाही, कारण वर सैल आणि खाली घट्ट अशा भोकात रिंग सतत उघडझाप करत राहते.

बोअर ठरावीक टप्प्यांनी वाढवला जातो. बाजारात पिस्टन १०, २०, ३० व ४० हजारांश इंच मोठ्या मापांत सांगितले जातात. यंत्रशाळेच्या बोलीत यांना ‘दहा थाऊ’, ‘वीस थाऊ’ असे म्हणतात. ४० थाऊ म्हणजे सुमारे १ मि.मी. या मापाला ६८ मि.मी.चा सिलिंडर ६९ मि.मी.चा होतो आणि इंजिनाची क्षमता १,०८९ वरून सुमारे १,१२२ घन सेंटिमीटर होते. त्यापुढे भिंत पातळ होत असल्याने स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येतात. नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक याच ठिकाणी होते: सिलिंडर आधी वीस थाऊ बोअर करून आणला जातो आणि नंतर त्या मापाचे पिस्टन मिळत नाहीत. ज्या मोटारीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली आहेत तिच्या बाबतीत क्रम उलटा असावा. आधी पिस्टनचा संच हातात घ्यावा, तो बोअरिंग करणाऱ्याकडे द्यावा आणि प्रत्येक सिलिंडर त्या-त्या पिस्टनला मोजून बोअर करून घ्यावा. बोअरनंतर होनिंगने भिंतीवर बारीक तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा काढतात. त्यांत तेल टिकते आणि रिंगा बसतात.

क्रँकशाफ्टच्या तीन मेन आणि चार कनेक्टिंग जर्नलांवर ओरखडे, झीज आणि लंबवर्तुळाकारपणा पाहतात. घासून माप कमी केल्यावर त्याच प्रमाणात जाड बेअरिंग बसवतात. घासताना जर्नलच्या कडेचा गोलावा राखला गेला नाही तर तेथूनच क्रँकशाफ्ट तुटू शकतो, ही गोष्ट यंत्रशाळेला आधीच सांगणे योग्य. बेअरिंगमधील मोकळीक जर्नलच्या दर इंचाला एक हजारांश इंच या जुन्या ठोकताळ्याने साधारण ०.०५ मि.मी. येते, अंतिम आकडा मात्र कंपनीच्या सेवा पुस्तिकेतूनच घ्यावा. मोकळीक कमी पडली तर बेअरिंग जाम होते, जास्त झाली तर तेलाचा दाब राहत नाही. दोन्ही प्रकारांत नुकसान क्रँकशाफ्टचे होते आणि या मोटारीचा नवा क्रँकशाफ्ट सहजी मिळत नाही.

वसई पूर्वेला नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लहान अभियांत्रिकी उद्योगांच्या वसाहती आहेत. तथापि साधे लेथकाम आणि इंजिनाचे बोअरिंग यांत फरक आहे. क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगच करणारे दुकान निवडावे, मग ते बोरिवलीपर्यंत जाऊन गाठावे लागले तरी चालेल.

यंत्रशाळेतून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसला तरी तो स्वच्छ नसतो. होनिंगची धूळ भिंतीच्या रेघांत आणि तेलाच्या वाटांत अडकलेली असते. ती राहिली तर नव्या रिंगा आणि बेअरिंग सहाणेवर घासल्यासारखी झिजतात. गरम पाणी, साबण आणि ब्रशने ब्लॉक घासून धुवावा. पांढरे फडके सिलिंडरमध्ये फिरवून त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत धुणे चालू ठेवावे, लगेच हवेने वाळवून तेल लावावे. तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्या आरपार साफ कराव्यात. केवळ रॉकेलने पुसणे पुरेसे नसते.

हेडचे काम

हेडच्या पृष्ठभागावर सरळ धारेची पट्टी आडवी, उभी व कर्णरेषेत ठेवून तिच्याखाली फिलर गेज सरकवून वाक तपासतात. वाक असल्यास फेसिंग करतात. व्हॉल्व्ह व सीट एकमेकांवर पेस्ट लावून घासतात, मग हेड उलटे ठेवून पोकळीत रॉकेल ओततात. काही मिनिटांत थेंब पाझरला नाही तर बैठक नीट झाली असे मानतात.

सीटबाबत एक ऐतिहासिक मुद्दा आहे. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले आणि पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. दोन्हींमुळे मऊ सीट लवकर खोल जाऊ लागल्या. म्हणून पुनर्बांधणीत, विशेषतः टॅक्सीतून काढलेले हेड वापरत असल्यास, कठीण धातूच्या सीट बसवून घेणे इष्ट असते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरच्या वॉशरांना फुगवते किंवा भेगाळते, तसेच हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे इथेनॉलला टिकणारे रबरी भाग वापरावेत आणि मोटार महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

जुळणी

जुळणीच्या दिवशी झाडलोट करू नये आणि पंखाही बंद ठेवावा. प्रत्येक बेअरिंग तेल लावून बसवतात, टोपी टॉर्क पान्याने सांगितलेल्या ताणापर्यंत आवळतात आणि प्रत्येक टोपीनंतर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहतात. एखाद्या टोपीनंतर तो जड झाला तर दोष त्याच टोपीत आहे हे लगेच कळते. सगळ्या टोप्या आवळून मग फिरवून पाहणाऱ्याला सगळ्याच पुन्हा सोडाव्या लागतात.

रिंग आधी एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजतात. ६८ मि.मी.च्या सिलिंडरला ती सर्वसाधारणपणे ०.२० ते ०.३० मि.मी. असते. फट उरलीच नाही तर रिंग तापून टोके भिडतात आणि सिलिंडर चिरतो. पिस्टनवर बसवताना रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवत नाहीत. टायमिंगच्या खुणा जुळवून साखळी बसवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. हेड मधून बाहेर या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात.

पहिली सुरुवात

प्रथम प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहतात. दाब दिसेपर्यंत प्लग लावू नयेत. इंजिन सुरू झाल्यावर, कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे असतील तर, ते आयडलवर न ठेवता सुमारे २० मिनिटे दर मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवतात, कारण मंद गतीत कॅमवर पुरेसे तेल उडत नाही. या काळात पाणी, तेलाचा दाब आणि गळती यांवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस असावा, आणि जवळ अग्निशामक नळकांडे असावे. इंजिन थंड झाल्यावर हेडचा ताण आणि टॅपेटची मोकळीक पुन्हा तपासतात. पहिले तेल काहीशे किलोमीटरांतच बदलतात. पहिले हजारभर किलोमीटर जास्त वेग, जड ओझे आणि एकाच गतीने लांब प्रवास टाळतात. महामार्ग क्र. ४८ वरून मनोरपर्यंतची सहल या काळात मोहक वाटली, तरी वसई-आगाशीसारख्या गावरस्त्यांवर गती बदलत चालवणे रिंगा बसण्यास अधिक उपकारक असते.

काढलेले तेल हा घातक कचरा समजला जातो. ते गटारात, विहिरीत किंवा वसईतील गोड्या पाण्याच्या बावखलांत जाऊ न देता डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत पोहोचवावे.

नोंदणी आणि कायदा

त्याच ब्लॉकवर केलेल्या पुनर्बांधणीने इंजिनाचा क्रमांक बदलत नाही, म्हणून नोंदणी प्रमाणपत्रात फेरफार लागत नाही. दुसऱ्या मोटारीचा ब्लॉक बसवल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकरणाकडून त्याची नोंद करून घ्यावी लागते. भंगारातून ब्लॉक घेताना त्याच्या मूळ मोटारीची कागदपत्रे मागणे त्यामुळे आवश्यक ठरते. वसई परिवहन कार्यालयाचा संकेत एमएच-४८ असून त्यापूर्वी या भागातील मोटारींवर ठाण्याचा एमएच-०४ असे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवली जाते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ‘विंटेज’ हा स्वतंत्र वर्ग आला आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार मूळ स्वरूपात राखलेली असणे, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसणे ही अट आहे. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयात आल्या आहेत. त्यांच्या मालकांनी मूळ ब्लॉक जपणे, बदललेले भाग मूळ नमुन्याचेच वापरणे आणि यंत्रशाळेची बिले व मापांचे कागद सांभाळणे व्यवहार्य ठरते.

सुटे भाग

गॅसकेट संच, रिंगा, बेअरिंग आणि पिस्टन मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील दुकानांत शोधले जातात. वापरलेले भाग कुर्ला येथील सीएसटी रोडवरील जुन्या मोटारींच्या बाजारात. भाग घेताना खोक्यावर छापलेल्या मापावर न विसंबता तो मोजून घेण्याची प्रथा जुने मिस्त्री पाळतात, कारण वर्षानुवर्षे पडून असलेल्या मालात खोकी बदललेली आढळतात. रबरी सील कितीही ‘नवे’ असले तरी वीस वर्षे कपाटात पडलेले असतील तर ते कडक झालेले असते. तेच माप अन्य मोटारीच्या ताज्या सीलमध्ये मिळते का ते पाहणे बरे. बेअरिंग कागदात गुंडाळलेली असूनही किनारी हवेत कडेने काळवंडतात. अशी घेऊ नयेत.